न पाहिलेल्या खोलीची अनामत

ऑक्टोबरचा पहिला रविवार, सकाळचे पावणेदहा. ती तक्रार त्या वेळी माझ्या टेबलावर आली आणि तो दिवस मला आजही क्रमाने सांगता येतो. निवृत्तीला काही महिने उरले होते. नागपूर शहरातील सायबर पोलीस ठाण्याचा कारभार माझ्याकडे होता. या लेखात मी कोणाचेही नाव घेणार नाही. ज्यांचा संबंध आहे ते स्वतःला ओळखतील. इतरांना नावांची गरज नाही.

रविवारी ठाण्यात वर्दळ कमी असते, असा लोकांचा समज आहे. सायबर ठाण्यात तसे नसते. आठवडाभर न वाचलेले बँकेचे संदेश माणूस सुट्टीच्या दिवशी वाचतो, आणि मग धावत आमच्याकडे येतो.

समोर काटोलचे एक जोडपे बसले होते. गृहस्थ संत्र्यांचे व्यापारी, पन्नाशीचे. त्यांच्या पत्नी शिक्षिका. सकाळच्या पहिल्या बसने आले होते. गृहस्थांनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली नव्हती. पुरावा घेऊन येणारा माणूस पिशवी खाली ठेवत नाही.

"साहेब, पोरगी आमची रस्त्यावर आहे जर्मनीत," ते म्हणाले.

"रस्त्यावर नाही," पत्नी म्हणाल्या. "ओळख ना पाळख, अशा दोन पोरींच्या खोलीत खाली झोपून राहिली. साहेबांले बरोबर सांगा नं."

"तेच तं सांगून राहिलो वं. तू बोलू देशील तव्हा."

मी पत्नींना आधी बोलायला सांगितले. शिक्षकाला घटना क्रमाने सांगण्याची सवय असते.

हकिगत अशी होती. त्यांची एकुलती एक मुलगी पुढील शिक्षणासाठी जर्मनीतील एका शहरात गेली होती. जाण्यापूर्वी दोन महिने ती राहण्याची जागा शोधत होती. परदेशी जाणाऱ्या विदर्भातील विद्यार्थ्यांच्या एका व्हॉट्सॲप गटावर तिला एका तरुणाचा संदेश दिसला. त्याचे मूळ गाव काटोल तालुक्यातले. तो त्याच शहरात राहत होता, आता नोकरीसाठी दुसऱ्या शहरी निघाला होता आणि त्याची खोली रिकामी होणार होती. त्याने खोलीची चित्रफीत पाठवली. स्वयंपाकघर, न्हाणीघर, खिडकीतून दिसणारी ट्राम. घरमालकाकडे माझी तीन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत जमा आहेच, तो म्हणाला. तुम्ही तेवढे रुपये नागपुरात माझ्या आईच्या खात्यात भरा, मालकाकडची अनामत मी तुमच्या मुलीच्या नावे करून देतो. युरो विकत घ्यायला नकोत, बँकेचा खर्च नको.

बुधवारी मुलगी त्या पत्त्यावर पोहोचली. दार एका वयस्क बाईने उघडले. खोली भाड्याने द्यायची नव्हती. तो तरुण तेथे राहत होता, पण फार पूर्वी. त्याचा क्रमांक त्या क्षणापासून मुलीला लागेनासा झाला.

"तीन दिवस पोरीनं आम्हाले सांगतलंच नाही," गृहस्थ म्हणाले. "मायबापाले काय वाटंल म्हणून."

"पैसे भरण्याआधी काही चौकशी केली होती?" मी विचारले.

त्यावर ते खुर्चीत सरळ झाले. "आम्ही काही अडाणी नाही, साहेब. पक्की चौकशी केली. त्याच्या गावात आमच्या साडूची शेती आहे, त्यायले विचारलं. घराणं चांगलं. बाप सरकारी कचेरीत होता, वारला. माय इथं मानेवाड्याले राह्यते. आम्ही दोघं तिच्या घरी जाऊन आलो. पोहे खाल्ले, चहा घेतला. बाई एकदम साधी. भिंतीवर पोराचा बर्फातला फोटो."

"घर पाहिले?"

"पाह्यलं नं. दोन खोल्या, स्वच्छ."

"ते आईचे घर. मी जर्मनीतल्या घराबद्दल विचारतो आहे."

गृहस्थांनी मांडीवरची पिशवी जवळ ओढली. त्यांच्या पत्नींनी त्यांच्याकडे पाहिले आणि मग खिडकीबाहेर पाहिले.

हे मला तिथेच नोंदवावेसे वाटले. मुलीचे लग्न ठरवताना आपल्याकडे जी चौकशी करतात, ती या कुटुंबाने अगदी चोख केली होती. गाव, घराणे, बापाची नोकरी, आईचा स्वभाव, सगळे पाहिले. सगळे खरे निघाले. खोली कोणाच्या मालकीची आहे, हा एकच प्रश्न त्या पद्धतीत बसत नव्हता, म्हणून तो कोणी विचारला नाही.

मुलीशी बोलणे आवश्यक होते. आईने व्हिडिओ कॉल लावला. तिकडे नुकते उजाडत होते. मुलगी जागी होती. मागे भिंतीला दोन मोठ्या बॅगा टेकवलेल्या दिसत होत्या.

"सर, पैशाचं नंतर पाहू," ती म्हणाली. "मला उद्या दुपारपर्यंत काहीतरी करायला पाहिजे."

तिचा प्रश्न तिने नीट मांडला. ज्या दोघींनी तिला आसरा दिला होता, त्यांच्या वरच्या मजल्यावर एक खोली खरोखरच रिकामी झाली होती. मालकीण त्याच इमारतीत राहणारी. तिने करार दाखवला होता, खोली दाखवली होती. पण तीन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत सोमवारी दुपारपर्यंत हवी होती. दुसरा एक विद्यार्थी खोली पाहून गेला होता. तिकडे राहत्या पत्त्याची सरकारी नोंद करावी लागते, आणि त्यासाठी घरमालकाचा लेखी दाखला लागतो. पत्ता नसेल तर नोंद नाही, आणि नोंद नसेल तर पुढचे सारे कागद अडतात. मुलीचे जे पैसे होते ते अशा खात्यात, ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच निघते. घरातली शिल्लक आधीच्या अनामतीत गेली होती.

"मी म्हणतो परत ये," गृहस्थ फोनकडे वाकून म्हणाले. "पुढच्या वर्षी जा."

"काहून यील ते परत?" पत्नी म्हणाल्या. "तिनं काय चोरी केली?"

"बाबा, मी नाही येत," मुलगी म्हणाली. "तुम्ही दोघं तिथं भांडू नका. पोलीस स्टेशन आहे ते."

मी गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. फसवणुकीचे कलम आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम लागले. त्याच वेळी सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवरून बँकेला त्या खात्यातील रक्कम रोखण्याची विनंती गेली. गृहस्थांना वाटले, आता रक्कम लगेच परत मिळेल. मी त्यांना स्पष्ट सांगितले की रोखलेली रक्कम न्यायालयाच्या आदेशानेच सुटते आणि त्याला काही आठवडे लागतात. उद्या दुपारपर्यंत ती मिळणार नाही.

"मग रोखून फायदा काय?"

"रोखली नाही तर काही आठवड्यांनीही मिळणार नाही."

हे ऐकायला कोणाला आवडत नाही. पण पोलिसाने खोटी आशा दिली की तक्रारदार दुसऱ्यांदा फसतो.

तरुणाचा क्रमांक जर्मनीचा होता. परदेशी क्रमांकाचा तपशील मागवायचा म्हणजे महिन्यांचे काम. हाती होते ते फक्त आईचे घर. मी साधे कपडे घातले, एका महिला हवालदारांना बरोबर घेतले आणि मानेवाड्याला निघालो. साध्या वेशातील दोन शिपाई मोटारसायकलवर मागे होते.

साडेबारा वाजले होते. दार उघडणाऱ्या बाई साठीच्या होत्या. आम्ही पोलीस आहोत हे मी उंबऱ्यातच सांगितले. त्या घाबरल्या नाहीत. निर्दोष माणूस पोलिसांना घाबरतो, हे खरे आहे. परंतु ज्याला आपल्या घरात काही वावगे आहे याची कल्पनाच नसते, तो घाबरत नाही. तो खुर्ची पुढे करतो.

"बसा नं. तळण चालू आहे, मी आलीच," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. बाहेर येताना ताटलीत सांबारवड्या होत्या. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. भरपूर सांबार मसाल्यात परतून बेसनाच्या पातळ पोळीत गुंडाळायचा आणि तळायचा.

काटोलच्या कुटुंबाने रक्कम भरली का, असे मी विचारले.

"भरली नं. माझ्याच खात्यात. माझा पोरगा तिकडे मालकाले देते, हे लोक इकडे मले देतात. त्याच्या पगाराचेच पैसे झाले ते. मी हात नाही लावत. त्याच्या लग्नासाठी ठेवून राहिली."

"अशी रक्कम आणखी कोणी भरली?"

"दोन-तीन जणायनं. काहून, साहेब? काही चुकलं काय?"

"चौकशी चालू आहे. मुलाशी शेवटचे बोलणे कधी झाले?"

"रोज संध्याकाळी होते. आता नका लावू फोन. रविवार आहे, तिकडे सकाळ आहे. झोपला असंल लेकरू."

मी म्हणालो, झोपू द्या.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर स्टीलचा एक मोठा डबा भरून ठेवलेला दिसत होता. महिला हवालदारांनी सहज विचारले, "एवढं कोणासाठी, काकू?"

"पोरासाठी, बाई. त्याचा एक दोस्त आहे बुटीबोरीच्या कंपनीत. दर रविवारी दोन वाजता येते, डबा घेऊन जाते. त्यायच्या कंपनीतून कोणी ना कोणी जर्मनीले जातच राह्यते म्हणे. त्याच्याबरोबर पाठवते."

"पोहोचतं का नीट?"

"पोचते नं! मागच्या रविवारी ह्याच वड्या दिल्या. दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणे, आई, अशा कुरकुरीत होत्या का काय सांगू."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिले. मी आणखी एक वडी घेतली.

ज्याने आयुष्य नागपुरात काढले आहे त्याला हे सांगावे लागत नाही. दुपारी तळलेली सांबारवडी दिवेलागणीपर्यंत नरम पडते. सांबाराला पाणी सुटते, वरचे आवरण ओले होते. विमानाने जर्मनीला गेलेली वडी खाण्याजोगी राहीलही, कुरकुरीत राहणार नाही. ज्याने ती कुरकुरीत खाल्ली तो आईच्या कढईपासून तासाभराच्या अंतरावर होता.

आरोपी पैशाबद्दल, पत्त्याबद्दल, नोकरीबद्दल विचार करून खोटे बोलतो. जेवणाबद्दल बोलताना तो सावध राहत नाही. त्याने आईला खूश करण्यासाठी खरे तेच सांगितले होते.

महिला हवालदार बाईंजवळ थांबल्या. फोन होऊ द्यायचा नाही, पण दमदाटीही करायची नाही, एवढी सूचना मी दिली. पुढे दोन तास त्या दोघी लोणच्याबद्दल बोलत होत्या, असे मला नंतर कळले.

मी बाहेर गल्लीच्या टोकाला गाडीत थांबलो. मित्र बरोबर दोन वाजता आला. डबा हँडलला अडकवून वर्धा रोडने निघाला. शिपाई त्याच्या मागे, आम्ही खाजगी गाडीत बरेच अंतर ठेवून. बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीबाहेर कामगारांना भाड्याने दिलेल्या खोल्यांची एक रांग आहे. त्यातल्या शेवटच्या दारावर त्याने थाप मारली. दार उघडले. हात पुढे आला आणि त्याने डबा घेतला. त्याच क्षणी आम्ही पोहोचलो.

दारातला तरुण बनियनवर होता. मी त्याला त्याच्या नावाने हाक मारली. त्याने डबा छातीशी धरला आणि म्हणाला, "आई बरी आहे नं?"

दोन पंच बोलावून पंचनामा केला. खोलीत एक खाट, एक टेबल, दोन मोबाइल. पंखा पूर्ण वेगात चालू असताना खिळ्याला लोकरी अस्तराचे जाड जाकीट टांगलेले होते. आईशी व्हिडिओवर बोलताना तो ते घालत असे. पाठीमागे पांढरा पडदा लावत असे. मित्राला आईपासून लपवलेली गोष्ट ठाऊक होती, फसवणूक ठाऊक नव्हती. तो पुढे साक्षीदार झाला.

ठाण्यात आणल्यावर मी त्याला पाणी दिले आणि बसवले. मी आवाज चढवला नाही. आवाज चढवला की आरोपीला गप्प बसण्यासाठी एक कारण मिळते.

"ती खोली कोणाची?"

"माझीच होती, सर. सव्वा वर्ष राहिलो तिथं."

"परत कधी आलास?"

"दोन वर्षं होतील. परीक्षेचे पेपर निघाले नाहीत. व्हिसा संपला."

"आईला का सांगितले नाही?"

"तिनं गावात पेढे वाटले होते, सर. कसं सांगू?"

हा प्रश्न आहे, उत्तर नाही, असे मी त्याला सांगितले. मग तो बोलू लागला.

सुरुवात त्याच्या स्वतःच्या अनामतीपासून झाली होती. खोली ताब्यात घेताना मालकाने जर्मन भाषेतला एक कागद पुढे केला. याने सही केली. खोलीत कोणताही दोष नाही, असे त्यात लिहिले होते. जमिनीवर एक जळका डाग आधीपासून होता, खिडकीखालच्या भिंतीला बुरशी होती. सोडताना मालकाने तोच कागद दाखवला आणि दोन्ही दोष याच्या नावावर टाकून अनामत कापून घेतली. याच्याकडे पहिल्या दिवसाचा एकही फोटो नव्हता.

"मग?"

"मग एक नवीन पोरगा खोली पाहायले आला होता. त्याले म्हटलं, माझं डिपॉझिट जमा आहे, तू मले दे. त्यानं दिले. माझे गेले ते असे निघाले."

"त्या मुलाचे गेले."

"हो, सर."

"आणि नंतर तुला कळले की त्यासाठी खोलीची गरज नाही."

त्याने मान हलवली. भारतात परतल्यावर कारखान्यात सुपरवायझर झाला. त्या पगारातून जर्मनीतला पगार दाखवता येत नव्हता. आईच्या खात्यात काही ना काही येत राहायला हवे होते. जुनी चित्रफीत होती, गावाकडची बोली होती, आणि दर हंगामात नवी मुले निघत होती. खात्यातली रक्कम तो काढतही नव्हता. आईने पासबुक उघडावे आणि समाधानाने मिटावे, एवढ्यासाठी त्याने तीन कुटुंबांच्या मुलांना परक्या शहरात दाराबाहेर उभे करायची व्यवस्था केली होती.

मला त्याची दया आली काय, असे पुढे काहींनी विचारले. आरोपपत्रात दयेचा रकाना नसतो.

बोलता बोलता त्याने एक वाक्य उच्चारले. "मी तं एकदम सगळं भरलं होतं, सर. नंतर समजलं, तिकडचा कायदा तीन हप्ते देते."

मी लेखनिकाला थांबवले. "पुन्हा सांग."

"डिपॉझिट भाडेकरूले तीन महिन्यांत भरता येते. पहिला हप्ता राहायले जाताना. बाकीचे पुढच्या दोन भाड्यांबरोबर. मालकाले नाही म्हणता येत नाही. आणि तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त मागताच येत नाही."

"खरे?"

"कायद्यातच आहे, सर. कोणाले वाचायले सांगा."

आरोपीच्या शब्दावर विश्वास ठेवायची माझी पद्धत नाही. मी बाहेर आलो. काटोलचे जोडपे सकाळपासून त्याच बाकावर होते. मुलीला फोन लावायला सांगितला. तिला म्हणालो, घरभाड्याच्या कायद्यात अनामतीचा हप्ता शोधा, जर्मन वाचता येणाऱ्या कोणाकडून तो मजकूर वाचून घ्या, आणि खरे निघाले तर तो मालकिणीला दाखवा. दरमहा खात्यातून जी रक्कम निघते तीत एका महिन्याचे भाडे आणि एक हप्ता बसतो का, ते आधी पाहा.

"बसतो," ती लगेच म्हणाली. तिने हिशेब आधीच मनात केला होता. "पण सर, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तपासात निष्पन्न झाले."

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक करायची तर कारणे लेखी द्यावी लागतात. आरोपीने दोन वर्षे स्वतःचा ठावठिकाणा सगळ्यांपासून लपवला होता, तेवढे कारण पुरेसे होते. अटक केल्यावर नातेवाइकाला कळवणे बंधनकारक असते. मी त्याला विचारले, कोणाला कळवायचे?

"कोणालेच नका कळवू, सर. मित्राले सांगा."

"मित्र साक्षीदार आहे. नातेवाईक सांग."

त्याने आईचे नाव सांगितले.

खात्यासंबंधी जबाबासाठी बाई तशाही येणारच होत्या. महिला हवालदारांनी त्यांना आणले. वाटेत त्यांना सारे सांगितले होते. त्या खोलीत आल्या, मुलासमोर उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत.

"बुटीबोरीले होता तू?"

"हो, आई."

"धंतोलीत माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तव्हा?"

"तव्हा बी."

"पट्टी बांधलेली होती. शेजारीण हात धरून नेऊन राहिली होती मले. तू म्हणे, सुट्टी भेटत नाही, आई."

"मी आलो होतो. दवाखान्यासमोर, रस्त्याच्या त्या बाजूले उभा होतो. तू रिक्षात बसेपर्यंत."

तो खरे बोलत होता की खोटे, मी तपासले नाही. गुन्ह्याशी त्याचा संबंध नव्हता.

बाई माझ्याकडे वळल्या. "खात्यात जे आहे ते सगळं त्या लोकायचं आहे, साहेब?"

"मुलाच्या म्हणण्यानुसार, हो."

"मग देऊन टाका. माझी सही कुठं लागते ते सांगा." नंतर मुलाकडे न पाहता म्हणाल्या, "त्या पोरीले जागा भेटली काय?"

त्या दिवशी तो प्रश्न त्यांच्या मुलाने एकदाही विचारला नव्हता.

त्यांनी जबाब दिला, रकमेवर आपला हक्क नसल्याचे लिहून दिले. त्यामुळे पुढे न्यायालयातून रक्कम सुटायला अडचण आली नाही. काटोलच्या गृहस्थांनी त्यांना ओळखले. सकाळपासून ते त्या बाईंबद्दल बरेच बोलले होते. आता उठून उभे राहिले आणि त्यांना बसायला जागा दिली.

या प्रकरणाने मला जे शिकवले ते मी नंतर अनेक पालकांना सांगितले. आपली चौकशीची रीत जुनी आहे आणि वाईट नाही. ती सोयरिकीसाठी तयार झाली. सोयरिकीत फसवणाऱ्याला पुढे त्याच गावात तोंड दाखवायचे असते, म्हणून घराणे पाहण्याला अर्थ असतो. परदेशातली खोली कोणाची सोयरी नसते. तेथे आपल्याकडचा माणूस हा पुरावा नव्हे. घर कोणाच्या नावावर आहे आणि करारावर सही कोणाची आहे, हे आधी विचारावे. आपल्या ओळखीचे कोणी त्या खोलीत प्रत्यक्ष उभे राहून, आपण सांगू ती खिडकी उघडून दाखवू शकते का, हे पाहावे. आधी काढून ठेवलेली चित्रफीत म्हणजे खोली नव्हे. रक्कम द्यायची ती करार झाल्यावर, त्या देशातल्या बँकेतून, मालकाच्याच खात्यात. इकडे रुपये द्या, तिकडे मी पाहतो, असे जो म्हणतो त्याच्याशी तिथेच बोलणे थांबवावे, मग तो सख्खा पुतण्या का असेना. थोडा बँकखर्च वाचतो, आणि पुरावा कायमचा जातो. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा असतो, भाडेकरूला त्याने काय हक्क दिले आहेत ते निघण्यापूर्वी वाचावे. एका फसलेल्या माणसाला ते ठाऊक होते, आणि त्याने ते स्वतःजवळच ठेवून दुसऱ्यांना फसवले. ते त्याने लोकांना सांगितले असते तर त्याच्याकडे मान वर करून आईसमोर जाण्याजोगे काहीतरी असते.

संध्याकाळी साडेसातच्या सुमारास मुलीचा फोन आला. यावेळी आईने फोन थेट माझ्या हातात दिला.

"सर, कायदा बरोबर आहे. मालकीणबाईंनी वाचला. आधी तोंड वाकडं केलं, मग म्हणाल्या, ठीक आहे. पहिला हप्ता आणि भाडं भरून उद्या चावी."

"चावी मिळाली की लगेच बॅगा आत न्यायच्या नाहीत," मी म्हणालो. "रिकाम्या खोलीचे फोटो काढा. चारही भिंती, जमीन, खिडक्या, न्हाणीघर, विजेचा मीटर. जेथे डाग असेल तेथे दोन फोटो. त्यांनी कागद दिला तर मैत्रिणीकडून शब्दन् शब्द समजून घ्या. दिसलेला दोष त्यात लिहून घ्या, मगच सही करा. दोन्ही सह्यांची प्रत तुमच्याकडे. किती चाव्या मिळाल्या तेही लिहायचे."

"हो, सर. थँक यू, सर."

"आभार नंतर. फोटो आधी."

तिची आई हसली. दिवसभरात पहिल्यांदाच. गृहस्थ म्हणाले, "साहेब, तुमची पोरगी असती तं घरी फार शिस्त असती."

"आहे," मी म्हणालो.

ते काटोलच्या शेवटच्या बसकडे गेले. आरोपीला वैद्यकीय तपासणीला पाठवले. स्टेशन डायरीत नोंदी पूर्ण केल्या. टेबलावर एक काम उरले होते. आरोपीने सांगितलेल्या तीन कुटुंबांपैकी एक यवतमाळ जिल्ह्यातले होते. त्यांचा मुलगा गुरुवारी विमानात बसणार होता. त्याच पत्त्यावर, त्याच खोलीत राहायला.

मी क्रमांक लावला. मुलाच्या वडिलांनी उचलला. मागे घरात माणसे बोलत होती, कोणीतरी बॅगेच्या वजनावरून कोणाला तरी चिडवत होते.

मी ओळख सांगितली आणि विचारले, मुलाची जर्मनीत राहण्याची व्यवस्था झाली आहे का?

"झाली नं, साहेब," ते मोकळेपणाने म्हणाले. "एकदम पक्की. आपल्याकडचाच पोरगा आहे तिकडे. घराणं पाह्यलेलं आहे."

मी त्यांना आतल्या खोलीत जाऊन दार लावून बसायला सांगितले. मग त्यांना पहिल्यापासून सगळे सांगितले, आणि उद्या सकाळी मूळ कागद घेऊन ठाण्यात येण्याची वेळ दिली.